आजीची खाणावळ आणि शाहिराची मैना

माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, दिवसपाळी-रातपाळीच्या दोन पंगती, जेवायला गिरणीतले गडी. कुणी रत्नागिरीचा, कुणी साताऱ्याचा. बायको-पोरं सगळ्यांचीच गावाला.

तिला मी विचारलं होतं, मुंबईसह मराठी माणसांचं राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभांना लोक एवढे का जायचे? ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भाषणाला कोण मरायला जायचं? शाहिरासाठी जायचे. भाषण आपलं मागनं ऐकायचे."

शाहीर म्हणजे अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर. १९४४ मध्ये यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. पुढे काँग्रेस सरकारनं त्यावर बंदी घातली. पोवाड्याला सरकार घाबरतं, एवढं तरी त्यावरून कळतं.

राज्यांची फेरमांडणी सुचवणारा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल खाणावळीत कुणी वाचला नव्हता. पण अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड सगळ्यांना पाठ. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरतोय आणि गाता गाता ती मैना म्हणजे मराठी मुलखाचा ताटातूट झालेला भाग होऊन जाते. बेळगाव-कारवार कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसालाही ताटातूट समजावून सांगावी लागत नव्हती. आजी सांगायची, डफावर थाप पडली की जेवता जेवता गडी उठायचे, हात धुवायलाही थांबायचे नाहीत. मागे उष्टी ताटं तिनं आवरायची. याचा राग तिला अखेरपर्यंत होता.

चळवळ चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. त्यांना एका व्यासपीठावर धरून ठेवणं सभा गाजवणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या नुसत्या भाषणांनाही जमलं नसतं. माझ्या मते ते काम डफानं केलं. समोरची गर्दी एका सुरात झील धरत असताना वर भांडायचं कुणी?

पण सगळं श्रेय गाण्याला देणं आजीला मान्य नव्हतं. १९५७ ला तिनं समितीला मत दिलं ते का, तर चळवळीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तिच्या पंगतीतल्या एका पोराच्या मांडीत गोळी शिरली होती म्हणून. "गाणं ऐकून मत नाय दिलं मी. ते पोरगं रात्रभर कण्हत होतं." त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली आणि मराठी-गुजराती असं द्वैभाषिक मुंबई राज्य फार काळ रेटता येणार नाही हे दिल्लीला उमजलं. तिथं मतं मोजली गेली, छकडी नव्हे. पण सभेला गर्दी नसती, तर मतं तरी कुठून येणार होती?

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मुंबई मिळाली, बेळगाव-कारवार तिकडे म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिलं. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ मध्ये गेले. बेळगावचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. आणि खाणावळीत? आजी म्हणायची, राज्य झाल्यावर तिनं पंगतीला शिरा वाढला, तेव्हाही ताटं तेवढीच मांडावी लागली. बायको मुंबईला आणण्याइतका पगार कुणाचाच वाढला नव्हता.