वारीचे गाठोडे: करजगीहून पंढरपूर

करजगी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातले, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचे गाव. पंढरपुरात चंद्रभागा म्हणवणारी भीमा पुढे याच तालुक्याला येते, म्हणून इकडच्या वारकऱ्याची वाट नदीच्या प्रवाहाविरुद्ध, अक्कलकोट-सोलापूरच्या मुलखातून वर जाते. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे पायी चालणाऱ्याचे चार-पाच मुक्काम तरी वाटेत पडणार. कन्नड मुलखाचा विठ्ठलाशी संबंध जुना आहे. होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 सालचा शिलालेख पंढरपूरच्या देवळातच आहे.

गाठोड्यात काय बांधायचे ते वारी कोणती यावर ठरे. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी अशा चार वाऱ्या. कार्तिकीला रब्बीची ज्वारी पेरून झालेली, वाट कोरडी आणि रात्री गार, म्हणून वाकळ हवीच. आषाढीचे गणित वेगळे. काळ्या रानातली वाट पावसाने चिखलाची होते, पायताण रुतते, आणि पाठीवरचा प्रत्येक जास्तीचा शेर खांद्याला कळतो. तेव्हा वाकळ घरी राही आणि घोंगडे बरोबर येई.

पावसाळी वारीत घोंगड्याइतके उपयोगी दुसरे काहीच नव्हते. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे सूत, त्याला चिंचोक्याची खळ, आणि सणगराच्या मागावरची घट्ट वीण. चालताना त्याची खोळ करून डोक्यावरून घेतली की बारीक पाऊस वरच्यावर ओघळून जाई. मुक्कामाला तेच अंथरायचे, त्यातच गुरफटून झोपायचे, आणि पडशी नसली तर सामानही त्यातच बांधायचे. दोष एकच: दिवसभर झड लागली तर पाणी मुरून घोंगडे अंगावर ओझ्यासारखे होई आणि लवकर वाळत नसे. तरीही पुढे आलेल्या मेणकापडाला आणि प्लॅस्टिकच्या कागदाला ऊब देणे कधी जमले नाही.

शिध्याच्या बाबतीत हा भाग नशीबवान म्हणायचा. सोलापूर-कलबुर्गी पट्ट्यातली कडक भाकरी जणू प्रवासासाठीच घडलेली आहे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी अगदी पातळ थापायची, तव्यावर भाजून चुलीच्या धगीला उभी करायची, आणि पापडासारखी खुटखुटीत होईपर्यंत वाळू द्यायची. ओलावा गेला की बुरशीला वावच राहत नाही. अशी भाकरी कित्येक दिवस टिकते. फडक्यात बांधलेल्या चळतीचा वाटेत चुरा झाला तरी बिघडत नाही, आमटीत किंवा ताकात कुस्करून खाता येते. जोडीला शेंगाचटणी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्याही लोक घेत, पण त्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या. एकादशीसाठी शेंगदाणे आणि गूळ वेगळ्या पुरचुंडीत.

तांब्या आणि त्याच्या गळ्याला बांधायची दोरी या दोन गोष्टी कुणी विसरत नसे, कारण वाटेतल्या विहिरीवर पोहरा मिळेलच याचा भरवसा नव्हता. दुसरे कारण कमी भूषणावह आहे. सगळ्या जातींना सगळ्या पाणवठ्यांवर आणि सगळ्यांच्या भांड्यांना हात लावता येत नसे. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसे, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवले आहे.

पैशांची कडोसरी या सीमेवर जरा किचकट होती. 1948 पर्यंत अफजलपूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, शेजारी अक्कलकोटचे संस्थान आणि त्यापुढे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा. निजामी मुलखात हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया; हालीची किंमत कलदारापेक्षा कमी. नाव-तर, दक्षिणा आणि परतीचा बुक्का, चुरमुरे, तुळशीच्या माळा यांसाठी कलदार लागत, म्हणून खुर्दा आधीच बदलून घेतलेला बरा असे.

हे झाले एकट्याचे सामान. दिंडीचे वेगळे: वीणा, पखवाज, टाळ, पताका, बायकांच्या डोक्यावरचे तुळशीवृंदावन. पुढच्या काळात ओझे कुणी वाहायचे हे बदलत गेले, आणि वारीच्या सामानाचा खरा इतिहास त्यातच आहे. पूर्वी संतांच्या पादुका गळ्यात बांधून नेत. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये त्या पालखीत ठेवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले, तेव्हा घोडे आणि तंबू दिले ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी. तंबू आला की तो वाहायला गाडी आली, गाडीबरोबर मोठी पातेली आली आणि प्रत्येकाच्या फडक्यातला शिधा सामाईक कोठीत जमा होऊ लागला.

रेल्वेने चालणे संपवले नाही. बार्शी लाइट रेल्वे 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, त्यानंतर बरेच वारकरी जाताना पायी आणि येताना गाडीने, असे करू लागले; परतीचा शिधा बांधायची गरज उरली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बैलगाडीची जागा ट्रकने घेतली. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की गॅसच्या शेगड्या, धान्याची पोती, ताडपत्री आणि माणसागणिक एक रेक्झिनची बॅग ट्रकमध्ये जाते. बॅग स्वतःला वाहायची नसल्याने ती फुगत गेली: जास्तीचे कपडे, सोलापुरी चादर, मोबाइलचा चार्जर. खांद्यावर राहते ती एक शबनम, तिच्यात पाण्याची बाटली, औषधाच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकचा कागद. ट्रक मुक्कामी उशिरा पोचला तर मात्र कोरडे कपडे आणि जेवण दोन्ही त्याच्याबरोबर अडकून पडते, म्हणून जुनी माणसे शबनमीत अजून दोन कडक भाकऱ्या टाकतात. ट्रकवर वीणा मात्र चढत नाही. ती विणेकऱ्याच्या गळ्यातच असते आणि तो दमला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते.