बोरुंद्याचा छापखाना

इ. स. १८९८ मध्ये अलाहाबादच्या मिशन प्रेसमधून एक इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. जयपूर संस्थानात बोलल्या जाणाऱ्या बोलींचे नमुने हा त्याचा विषय, आणि रेव्हरंड जॉर्ज मॅकॅलिस्टर हे त्याचे कर्ते. त्यात शब्दसंग्रह होते, व्याकरण होते आणि त्या त्या बोलीतल्या गोष्टीही होत्या. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाला या सामग्रीचा मोठाच उपयोग झाला. मात्र ज्यांच्या तोंडच्या त्या गोष्टी, त्यांना ग्रंथात कर्ते म्हणून स्थान नव्हते. संस्थानातली गोष्ट छापली गेली ती बोलीचा नमुना म्हणून. कोणा लेखकाची कृती म्हणून नव्हे.

राजस्थानी कथनगद्याच्या इतिहासाचा आरंभ हा असा आहे. पुढे पाचच वर्षांनी, १९०३ मध्ये, शिवचंद्र भरतिया यांची ‘कनक सुंदर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. राजस्थानीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश केला जातो. भरतिया जन्मले हैदराबाद संस्थानात आणि राहिले इंदूरला. म्हणजे या भाषेची पहिली कादंबरी राजपुतान्याच्या बाहेर, स्थलांतरित मारवाडी समाजात लिहिली गेली. खुद्द राजपुतान्यात राजदरबारांचा आश्रय होता; तो प्रामुख्याने चारण कवींच्या पद्याला. गद्य कादंबरीकाराला विचारणारे तेथे कोणी नव्हते.

१९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन राजस्थान राज्य उभे राहिले आणि जयपूर राजधानी झाली. दरबार गेले, त्यांच्याबरोबर आश्रयही गेला. राज्यकारभाराची आणि शाळेची भाषा हिंदी ठरली. जयपूरच्या चौडा रास्त्यावर पुस्तकांची दुकाने आजही ओळीने दिसतात. परंतु तेथला मोठा व्यवहार पाठ्यपुस्तकांचा आणि परीक्षोपयोगी ग्रंथांचा. ज्या भाषेचा तास शाळेत नाही, त्या भाषेतल्या कथासंग्रहावर भांडवल घालणारा व्यापारी सापडावा तरी कसा? व्यापाऱ्याला त्याबद्दल दोष देण्यातही अर्थ नाही.

अशा काळात विजयदान देथा यांनी एक निर्णय घेतला. जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा या गावी १९२६ मध्ये जन्मलेले देथा स्वतः चारण होते. जोधपूरला त्यांचे शिक्षण झाले आणि आरंभीचे लेखन हिंदीत झाले. शरच्चंद्र, चेखव, रवींद्रनाथ हे त्यांचे वाचन. हिंदीत नाव मिळवण्याची वाट त्यांना खुली होती. ती सोडून ते गावी परतले, ते राजस्थानीतच लिहायचे असे ठरवून. १९६० मध्ये मित्र कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी बोरुंद्यात ‘रूपायन संस्थान’ स्थापन केले, आणि याच संस्थेने गावात छापखाना चालवून ‘बातां री फुलवाड़ी’ या मालेचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढे या मालेचे चौदा खंड झाले.

लेखकानेच प्रकाशनाची जबाबदारी उचलल्याची उदाहरणे भारतीय साहित्याला नवी नाहीत. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. परंतु आपट्यांपुढे पुण्या-मुंबईचा मराठी शिकलेला वाचक होता. साप्ताहिकाने त्याला एकत्र आणले, इतकेच. प्रेमचंदांनी १९२३ मध्ये काशीला सरस्वती प्रेस घातला, १९३० मध्ये ‘हंस’ सुरू केले, आणि ही दोन्ही ओझी त्यांना अखेरपर्यंत वाहावी लागली. कर्जाच्या तगाद्यानेच १९३४ मध्ये हा कादंबरीकार मुंबईच्या चित्रपटव्यवसायात आला आणि वर्षभरात परतलाही. तरीदेखील हिंदीला वाचक होता. देथांना छापखान्याबरोबर वाचकही नव्यानेच निर्माण करावा लागणार होता. पुस्तकाचे गद्य कसे असावे, कोणते रूप प्रमाण मानावे, याविषयीही एकमत नव्हते. जयपूर परिसरातली ढूंढाडी वेगळी, देथांची मारवाडी वेगळी. राजस्थानी म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न विरोधक विचारीत आणि आजही विचारतात.

या अडचणीचे एक अगदी साधे रूप खिळ्यांच्या पेटीत दिसते. राजस्थानीला ‘ळ’ लागतो, मराठीइतकाच सहज लागतो. हिंदी मजकुरासाठी भरलेल्या पेटीत त्या अक्षराला काम नसते. परगावच्या छापखान्यात ‘ळ’चा ‘ल’ होणे ही जुळाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट. भाषेच्या दृष्टीने मात्र तो शब्दच बदलतो. गावातल्या छापखान्यात असे होऊ न देणे लेखकाच्या हाती राहते. शिवाय ज्या बायाबापड्यांकडून कथा ऐकायची, त्या हाकेच्या अंतरावर. मारवाडात ‘बात’ सांगताना समोरचा हुंकार देत असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. देथांच्या वाक्यांची ठेवण या हुंकाराची आठवण ठेवून आहे.

येथेच एक आक्षेप उपस्थित होतो. कथा जर लोकांच्या, तर देथा लेखक की संकलक? त्याच सुमारास राणी लक्ष्मीकुमारी चूंडावत यांनीही राजस्थानी लोककथांना गद्यरूप दिले होते, तेव्हा हा प्रश्न एकट्या देथांचा नव्हता. त्याचे उत्तर ‘दुविधा’ या कथेत शोधावे. लग्न करून परतणारा वणिकपुत्र नव्या नवरीला घरी सोडून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. तिच्यावर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरात येते, आणि आपण कोण हे तिला खरेखरे सांगते. खरा नवरा परततो तेव्हा एक धनगर चातुर्याने भुताला पाण्याच्या पखालीत कोंडतो. अशा लोककथेत सारा रस न्यायाच्या चातुर्यात असतो. देथांनी तो रस स्त्रीकडे वळवला. निवाडा झाला, पण तिला कोणी विचारले नाही. घरात तिने नुकताच मुलीला जन्म दिला आहे. हा वळसा लोककथेचा नाही, लेखकाचा आहे. राजा, शेठ, पुरोहित आणि नवरा या चौघांनाही न सांभाळता लिहिण्याची जी मोकळीक या खंडांत आढळते, तिचे एक कारण तरी हे की मधे कोणी पाठ्यपुस्तक समिती बसलेली नव्हती.

मोकळीक मिळाली, वाचक मात्र पुष्कळसा बाहेरून आला. मणि कौल यांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’वर चित्रपट केला, तो हिंदीत. हबीब तन्वीर यांचे ‘चरणदास चोर’ १९७५ मध्ये देथांच्याच कथेवरून उभे राहिले, ते छत्तीसगढीत. कैलास कबीर यांच्या हिंदी अनुवादांनी या कथा देशभर नेल्या. मूळ खंड वाचणारा मारवाडातला मुलगा शाळेत हिंदीच शिकत राहिला.

१९७४ मध्ये साहित्य अकादेमीने राजस्थानीसाठी पहिला पुरस्कार दिला तो ‘बातां री फुलवाड़ी’च्या दहाव्या खंडाला. राजधानीतल्या प्रकाशकाचा शिक्का नसलेले, लेखकाच्या गावातल्याच संस्थेने काढलेले पुस्तक एका भाषेचे पहिले पुरस्कृत पुस्तक ठरले. भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत घ्यावे असा ठराव जयपूरच्या विधानसभेने २००३ मध्ये केला. अनुसूचीत ती अद्याप नाही. देथांचे निधन २०१३ मध्ये बोरुंद्यातच झाले.

त्याआधी, २००५ मध्ये, अमोल पालेकर यांनी ‘दुविधा’वरूनच ‘पहेली’ हा चित्रपट काढला. तोवर ती कथा चार दशकांच्या आसपास छापील रूपात होती. चित्रपटात भूत अखेर नवऱ्याच्या देहात शिरते आणि नायिकेला तिचा प्रियकर मिळतो. बोरुंद्यात छापलेल्या कथेत धनगर ती पखाल नदीत फेकून देतो.