तंबाखूचे भावंड

निपाणीची तंबाखू, संकेश्वरची मिरची आणि टोमॅटो ही एकाच कुळातील, अमेरिका खंडातून आलेली भावंडे होत. १४९२ नंतर ती जगभर पसरली. विषारी वनस्पतींशी असलेल्या नात्यामुळे युरोपात टोमॅटोकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले; आपल्याकडेही चिंच-आमसुलांच्या राज्यात त्याला उशिराच प्रवेश मिळाला. बेळगाव-निपाणीकडच्या ज्वारीच्या भाकरीत लोह असते, पण ते सहजासहजी अंगी लागत नाही. कच्च्या टोमॅटोच्या कोशिंबिरीतील क जीवनसत्त्व त्या कामी साह्य करते. तेलात शिजविल्यास त्यातील लायकोपीन हे तांबडे द्रव्य शरीरात अधिक शोषले जाते. तंबाखूने या मुलखाला पैसा दिला, पण सेवन करणाऱ्यांचे आरोग्य हिरावले. तिचे हे भावंड मात्र रोजच्या ताटात आवर्जून असावे.