चष्मा काढून चढाई

घोड नदीकाठचं इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वसाहत, तिची घरं, तिचा पाण्याचा पाट, तिची दफनं उजेडात आणली. शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात आज जिकडेतिकडे ऊस उभा आहे आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानांवर कबड्डीचे डाव रंगतात. मला लिहायचं आहे ते या मैदानांवरच्या एका जुन्या अडचणीविषयी. नंबर लागलेल्या खेळाडूनं करायचं काय?

कबड्डीत चष्म्याला जागा नाही. नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, हे पोरांना पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असतं. मग काच आणि धातूची काडी घेऊन कुणाला साखळीत कसं शिरू देणार? चष्मा काढून कडेला कुणाच्या तरी हातात दिला जातो आणि पोरगं तसंच आत उतरतं. उणे तीन नंबर असेल, तर चष्म्याविना त्याला स्वच्छ दिसतं ते डोळ्यांपासून साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंत. पुढे केलेला त्याचा स्वतःचा हातसुद्धा त्यापलीकडे जातो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. फक्कीची ती बारीक रेघ त्याला विस्कटलेली दिसते. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, कोपऱ्यातला गडी झेप घेणार की दबा धरून राहणार, मधल्या दोघांनी हात कधी सोडले, हे चढाईच्या ३० सेकंदांत वाचायचं असतं. ज्याला ते दिसत नाही तो सवयीनं आणि अंदाजानं खेळतो. गावच्या संघात निभावून जातं. तालुक्याच्या सामन्यात समोरचा संघ अनोळखी असतो, तिथं अंदाज फसतो.

‘नंबर लागला आणि खेळ सुटला’ हे या भागात पालक इतक्या सहज बोलून जातात, की त्यावर काही उपाय असेल असं त्यांना वाटतही नाही. मुलीच्या बाबतीत तर कॉन्टॅक्ट लेन्सचं नाव काढलं की घरातून पहिला प्रश्न येतो, “हे नटण्यामुरडण्याचं कशाला?” या वस्तूचं कूळ त्यांना माहीत असतं तर हा प्रश्न आला नसता. लेन्सच्या मुळाशी सौंदर्याचा संबंध नाही. ती जन्मली चष्म्यानं ज्यांचं भागत नव्हतं अशा डोळ्यांसाठी, आणि ती घडवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आधी ती स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिली.

कूळ सांगताना लिओनार्दो दा विंचीचं नाव हटकून घेतलं जातं. त्यानं १५०८ च्या सुमारास पाण्यानं भरलेल्या पात्रात चेहरा बुडवून पाहण्याची कल्पना मांडली होती, पण तो डोळ्याचं कोडं सोडवत होता, नंबर घालवत नव्हता. खरी दिशा दाखवली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यानं. डोळ्याचा साचा घेऊन त्याच्या मापाचं पारदर्शक कवच करता येईल आणि काच व डोळा यांच्यामध्ये जेली भरता येईल, असं त्यानं १८४५ मध्ये लिहून ठेवलं. कल्पना चोख होती. ती हातांनी करून दाखवायला पुढची चाळीसेक वर्षं गेली.

१८८७ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनच्या म्युलर कुटुंबाकडे एक रुग्ण आला. हे कुटुंब काचेचे नकली डोळे बनवणारं. रुग्णाची पापणी कर्करोगामुळे काढावी लागली होती आणि उघडा पडलेला डोळा कोरडा पडून निकामी होण्याची भीती होती. म्युलरांनी त्याच्यासाठी फुंकून पातळ काचेचं कवच केलं आणि ते त्यानं पुढे अनेक वर्षं वापरलं. पुढच्याच वर्षी झुरिकमध्ये अडॉल्फ ऑयगेन फिक या डॉक्टरनं आपल्या प्रयोगांचा वृत्तांत छापला. सशांच्या डोळ्यांचे साचे घेऊन त्यानं काचेची कवचं घडवली, आधी सशांना, मग स्वतःला आणि त्यानंतर रुग्णांना घालून पाहिली. काच आणि डोळा यांच्यामध्ये तो द्राक्षसाखरेचं पाणी भरत असे. त्याचे रुग्ण होते ते ज्यांचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, वेडावाकडा झाला होता. साधा चष्मा अशांच्या कामाचा नसतो. त्याच सुमारास पॅरिसमध्ये युजीन काल्ट शंकूसारखा पुढे आलेल्या कॉर्नियावर हाच उपाय करून पाहत होता.

आणखी एक नाव इथं घेतलंच पाहिजे. कीलमधला वैद्यकीचा विद्यार्थी ऑगस्ट म्युलर. वीसबाडेनच्या म्युलरांशी त्याचं नातं नव्हतं. त्याचा स्वतःचा नंबर उणे चौदाच्या आसपास होता. १८८९ मध्ये त्यानं आपल्या प्रबंधासाठी स्वतःच्याच डोळ्यांवर काच चढवली. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला तरी अर्ध्या तासापलीकडे त्याला ती सोसवेना. फिकच्या रुग्णांची मजल जेमतेम दोन तासांपर्यंत जात होती. मला इथं राहून राहून वाटतं, की दिवसभर लिहिण्या-वाचण्यासाठी निरुपयोगी ठरलेले ते दोन तास कबड्डीच्या सामन्याला पुरून उरले असते. २०-२० मिनिटांचे दोन डाव आणि मधली विश्रांती, झालं. खेळाडूला लेन्स चोवीस तास नको असते. त्याला ती सामन्यापुरती हवी असते, हे आजही लेन्स घ्यायला जाताना ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

काच दोन तासांत का नकोशी व्हायची? ती जड होती हे एक कारण. दुसरं कारण नीट कळायला १९५२ साल उजाडलं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक असतो. त्याला लागणारा प्राणवायू तो अश्रूंवाटे थेट हवेतून घेतो. अख्खा डोळा काचेनं झाकला की कॉर्नियाचा श्वास कोंडतो, तो सुजतो आणि दिव्यांभोवती इंद्रधनुषी वलयं दिसू लागतात. पुढे लेन्समध्ये जे जे बदल झाले, त्यांतले बरेचसे या एका गरजेभोवती फिरतात.

१९३० च्या दशकात काचेची जागा पारदर्शक प्लास्टिकनं घ्यायला सुरुवात केली आणि १९४८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात केविन टूही यानं फक्त कॉर्नियावर बसणारी लहान, कडक लेन्स आणली. डोळ्याला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. पण खेळाडूंची यात पंचाईत झाली. जुनं मोठं कवच टोचायचं, तरी धक्काबुक्कीत जागचं हलत नसे. नवी लेन्स हलकी, पण जोरात मान वळली की निसटायची. खेळ थांबवून सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून मैदानात लेन्स शोधायची, हे त्या काळात नेहमीचं झालं.

या प्लास्टिकच्या कुळात एक शाखा आपल्या घरात आलेली आहे. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरनं पाहिलं, की दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहिले तरी डोळा त्यांना सोसून घेतो. १९४९ मध्ये त्यानं त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. गावोगावच्या आजी-आजोबांचं ‘भिंग बसवलेलं’ ऑपरेशन तिथून आलं. म्हणजे आजीच्या डोळ्यात बसवलेलं भिंग आणि नातीनं मागितलेली लेन्स एकाच घराण्यातली आहेत. एकीला आपण उपचार म्हणतो आणि दुसरीला चैन.

आता येतो तो माणूस, ज्याच्यामुळे लेन्स खऱ्या अर्थानं मैदानावर आली: ओटो विख्टर्ले, चेकोस्लोव्हाकियातला रसायनशास्त्रज्ञ. १९५२ मध्ये तो रेल्वेनं प्रागला निघाला होता. शेजारचा प्रवासी डोळ्यांच्या वैद्यकाचं मासिक चाळत होता आणि त्यात डोळ्यात बसवायच्या धातूच्या भागांची माहिती होती. विख्टर्ले म्हणाला, धातूपेक्षा शरीराशी जुळवून घेणारं प्लास्टिक बरं. गप्पांतून कळलं की तो प्रवासी आरोग्य मंत्रालयातला आहे. परतल्यावर विख्टर्ले आणि त्याचा सहकारी द्राहोस्लाव लीम असा पदार्थ शोधायच्या मागे लागले, आणि पाणी शोषून मऊ होणारं, तरी पारदर्शक राहणारं एक जेल त्यांच्या हाती आलं. १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला.

पदार्थ होता, पण त्याची लेन्स होत नव्हती. साच्यातून काढताना कडा फाटायच्या. १९५८ मध्ये राजकीय कारणांनी विख्टर्लेची प्राध्यापकी गेली होती. पुढे नव्या संस्थेत काम मिळालं, तरी लेन्सच्या संशोधनाला वरून पाठिंबा राहिला नाही. मग १९६१ च्या नाताळात त्यानं घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांच्या ‘मेर्कुर’ या खेळण्याच्या धातूपट्ट्या जोडून एक यंत्र उभं केलं. त्याला सायकलचा डायनॅमो लावला. गोल फिरणाऱ्या साच्यात द्रव सोडला, की तो फिरण्याच्या जोरानं कडांकडे चढतो आणि तसाच गोठतो. कडा गुळगुळीत आणि आकार वेगावर ठरणारा. त्या दिवशी चार लेन्स निघाल्या. त्यांचा नंबर त्याच्या डोळ्यांचा नव्हता, तरी त्यानं आधी स्वतःच घालून पाहिल्या. टोचल्या नाहीत. पुढच्या चारेक महिन्यांत विख्टर्ले पती-पत्नींनी घरच्या घरी साडेपाच हजार लेन्स तयार केल्या. नंतर तिथल्या सरकारनं या शोधाचे हक्क अमेरिकन कंपनीला विकले आणि १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्बच्या मऊ लेन्सला अमेरिकेत परवानगी मिळाली. जगभर पसरलेल्या या धंद्यातलं फारच थोडं विख्टर्लेच्या हाती आलं. मला याचं वाईट वाटतं.

मऊ लेन्स कॉर्नियापेक्षा मोठी असते, साधारण १४ मिलिमीटरची. तिच्या कडा पापण्यांखाली जातात, त्यामुळे आपटलं-पडलं तरी ती सहसा निसटत नाही. मैदानाला हवा होता तो हाच गुण.

क्रिकेटमध्ये मात्र लेन्स याआधीच आली होती. मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्यात १९६१ च्या जुलैमध्ये मोटार अपघातात काच गेली. त्याच वर्षी हैदराबादला इंग्लंडच्या संघाविरुद्ध ते त्या डोळ्यात लेन्स घालून खेळायला उतरले, तेव्हा त्यांना दोन चेंडू दिसत होते, एकापासून दुसरा सहा-सात इंचांवर. आतला चेंडू खरा धरून ते खेळत राहिले. चहापानाला त्यांनी लेन्स काढून टाकली, तो डोळा मिटला आणि एका डोळ्यानं ७० धावा पूर्ण केल्या. लेन्स डोळ्याचा नंबर भरून काढते, दोन डोळ्यांचा बिघडलेला मेळ बसवतेच असं नाही. इंग्लंडचा फलंदाज जेफ्री बॉयकॉट याला चष्म्याकडून लेन्सकडे जाणं मानवलं. आपल्याकडे १९९० मध्ये मँचेस्टरला जाड चष्मा लावून कसोटी पदार्पण करणारा अनिल कुंबळे काही वर्षांत बिनचष्म्याचा दिसू लागला. बडोद्याचे अंशुमन गायकवाड चष्मा लावून, शिरस्त्राण नसताना, १९७६ मध्ये किंग्स्टनला वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज होल्डिंग याच्या माऱ्यासमोर ८१ धावांपर्यंत उभे राहिले आणि कानावर चेंडू बसल्यावरच बाहेर गेले. त्या धैर्याला सलाम. पण आज कुणाच्या मुलाला त्या धैर्याची परीक्षा द्यायला लावायचं कारण नाही.

लेन्सनं मैदानावर नेमका काय फरक पडतो? चष्म्याची काच डोळ्यापासून १२ मिलिमीटरभर पुढे असते. उणे नंबरात तिच्यातून सगळं लहान दिसतं. उणे सहा नंबरात सात-आठ टक्क्यांनी. तिरकं पाहिलं की फ्रेमबाहेरचं धूसर, घाम आला की काचेवर ओघळ. लेन्स बुबुळाबरोबर फिरते, म्हणून कोपऱ्यातला गडी डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतो. अंतर बदलल्यामुळे नंबरही बदलतो. चष्म्याचा उणे सहा लेन्समध्ये साधारण साडेपाच होतो. म्हणून चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स विकत घेऊ नये. कॉर्नियाची वक्रता मोजून, घालून, थोडा वेळ थांबून डॉक्टरांनी ती पाहायला हवी.

घालायची रीत अशी: आधी हात स्वच्छ धुऊन कोरडे करायचे. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून उजेडात बाजूनं पाहायची. कड सरळ वर गेली तर सुलट, बाहेर पसरली तर उलट. खालची पापणी ओढायची, वर पाहायचं, टेकवायची. पहिल्या आठवड्यात रडू येतं, दोन आठवड्यांत हात बसतो. चुकून मातीत पडली तर ती गेली. ती पुसून परत घालायची नाही.

इनामगावच्या बाजूला धोका आहे तो माती, पाणी आणि उसाचा. नदीचं, कॅनॉलचं, बोअरचं, नळाचं, कुठलंही पाणी लेन्सला लागता कामा नये. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत घरी केलेलं मिठाचं पाणी लेन्सला वापरणाऱ्यांचे डोळे त्यानं बिघडवले. लेन्स घालून विहिरीत उडी नाही, तोंडावर पाण्याचा हबका नाही. उसाचं पान डोळ्याला चाटून गेलं की बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि त्यावर लेन्स असली तर तो आणखी चिघळतो. उसात शिरताना लेन्स नको, चष्मा हवा. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढायची आणि दुकानातून थेंब न आणता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

अशा खेळाडूंसाठी १९९० च्या दशकात बाजारात आलेली एका दिवसाची लेन्स मला सर्वांत योग्य वाटते. पाकीट फोडलं, घातली, सामना झाला, फेकून दिली. तिला डबी नको, द्रावण नको. रोज वापरायची तर महाग पडते, पण फक्त सामन्यांच्या दिवशी वापरली तर हंगामाचा खर्च आवाक्यात येतो. सरावाला पट्टा लावलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा चालवून घ्यावा, पण त्यात पकडीचा सराव टाळून फक्त पायांचं काम करावं. लेन्स पहिल्यांदा सामन्याच्या दिवशी घालू नये, निदान दोन आठवडे आधी सरावात घालून पाहावी. आणि सामन्याला जाताना एक जादा जोडी प्रशिक्षकांच्या पिशवीत असावी.