प्रोमोतोराची कुळकथा

टेक्सासच्या सीमेलगतच्या मेक्सिकन वस्त्यांत रक्तदाब मोजायला, मधुमेहाचं पथ्य समजवायला जी बाई घरी येते, तिला प्रोमोतोरा म्हणतात. ती नर्स नव्हे; त्याच गल्लीतली, स्पॅनिश बोलणारी शेजारीण. तिचं कूळ शोधत गेलं की आपण ग्वाटेमालाच्या डोंगरांत पोचतो.

१९६२ साली कॅरोल बेरहॉर्स्ट हा कॅन्ससचा डॉक्टर चिमाल्तेनांगोत आला. रुग्ण बहुतेक काक्चिकेल माया शेतकरी. हगवणीचं पोर बरं करून धाडावं, तर काही दिवसांत ते पुन्हा दारात, आणखी खंगलेलं. आजाराचं मूळ गावातच होतं; मग गावांनीच माणसं निवडायची आणि त्यानं त्यांना शिकवायचं, असं ठरलं. हे प्रोमोतोर नेहमीचे आजार ओळखत, औषधही देत. बेरहॉर्स्टनं कामांचा एक क्रम लावला होता: सर्वांत वर सामाजिक-आर्थिक अन्याय, त्याखाली जमिनीचा प्रश्न आणि अगदी तळाला औषधोपचार. शेतकऱ्यांना जमीन घ्यायला कर्ज देण्यापर्यंत त्याचं काम गेलं. डॉक्टरनं आपल्याच विद्येला शेवटचा नंबर द्यावा, ही मला या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तिकडे मेक्सिकोच्या सिएरा माद्रेत डेव्हिड वर्नर हेच करत होता. तो तर डॉक्टरही नव्हता, जीवशास्त्राचा माणूस! खेड्यातल्या आरोग्यसेवकांसाठी त्यानं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं ‘जिथे डॉक्टर नाही’ हे पुस्तक पुढे जगभर गेलं.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘हेल्थ बाय द पीपल’ हा ग्रंथ काढला. त्यात चिमाल्तेनांगोवर एक प्रकरण आहे, आणि आपल्या जामखेडच्या आरोग्य प्रकल्पावरही, रजनीकांत व मेबल आरोळे यांनी लिहिलेलं. तीनच वर्षांनी प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा-आता परिषदेच्या जाहीरनाम्यात गावपातळीवरच्या आरोग्यसेवकाला मानाचं स्थान मिळालं.

ग्वाटेमालात मात्र गावाला शहाणं करणारा माणूस लष्कराच्या डोळ्यांत खुपला. यादवीच्या काळात कित्येक प्रोमोतोर मारले गेले.

अमेरिकेत ही रीत शेतमजुरांच्या छावण्यांतून रुजली आणि तिथे ती बायकांच्या हाती आली. त्यात नवल नाही. बाळंतपण, आजारपण, उसनवारी यांतून जमलेला शेजारणींचा विश्वास आधीपासून होताच. आरोग्यखात्यानं तो फक्त कामाला लावला.

अशा आरोग्यसेवकांना अमेरिकी सरकारच्या व्यवसायसूचीत स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २०१० मध्ये. पगार मात्र पुष्कळ ठिकाणी अजून अनुदान असेतोवरच.