तात्या विंचूची वारसनोंद

इतिहासावर वाद घालायला जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. इकडे शिवनेरी, पलीकडे नाणेघाट, लेण्याद्रीला लेणी. कुठल्याही पारावर बसावं आणि दोन हजार वर्षांतलं हवं ते शतक उकरावं. पण या भागात सर्वांत चिकाटीने घातलेला जो वाद मी ऐकत आलो, तो सातवाहनांचा नाही की नाणेघाटातल्या जकातीचाही नाही. तो तात्या विंचूचा आहे.

ज्यांचं शिक्षण अपुरं राहिलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात बखर सांगतो. १९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. तात्या विंचू नावाचा अट्टल गुन्हेगार बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसाच्या गोळीने मरता मरता एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हाती येतो. तात्या दिलीप प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्यांचा. बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच देहात शिरलं पाहिजे, असा नियम आहे. आणि ते गुपित तात्याने लक्ष्याला सांगून ठेवलेलं आहे. पुढे २०१३ साली दुसरा भाग निघाला. तो बघायला डोळ्यांवर थ्रीडीचा चष्मा लावावा लागे, त्यामुळे एरवी नाकासमोर बघणारी माणसंसुद्धा नाकाशी आलेला तात्या हाताने बाजूला सारताना दिसली.

आता तुम्ही म्हणाल, भुताच्या विनोदी सिनेमात कसली आलीय सुसंगती? हा प्रश्न नारायणगावात विचारून बघा. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. चैत्र जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. इथला प्रेक्षक तमाशावर पोसलेला आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची मावशी डोक्यावर पदर घेतलेला पुरुष असते, तिची दाढी दोन दिवसांची वाढलेली असते, आणि द्वापारयुगातला पेंद्या ग्रामपंचायतीच्या नळाबद्दल बोलतो. कुणाची हरकत नसते. कारण तिथे कुणी नियम सांगितलेलाच नाही. पण वग सुरू झाला, राजाने वचन दिलं, की तोच प्रेक्षक ताठ होऊन बसतो. दिलेलं वचन मोडलं तर राजाला पहिला जाब सोंगाड्या विचारतो आणि दुसरा शेवटच्या रांगेतलं घोंगडं.

तात्याचं नेमकं तिथेच अडलं. त्याला कायदा लावला होता.

पारावरच्या वादाची पहिली बारी बाहुल्यावर होते. “आवो, मंत्र पाठ होता तर शेजारी हवालदार होते की! धडधाकट माणूस सोडून दीड हाताच्या बाहुल्यात कशाला शिरायचं?” यावर एक निवृत्त मास्तर सांगतात, की मरणाऱ्याला निवड करायला सवड नसते. एस.टी. सुटत असताना माणूस जो दरवाजा सापडेल त्यातून शिरतो, मग आत जागा असो वा नसो. हे उत्तर शास्त्रीय नाही, पण नारायणगाव स्टँडवर ज्याने सणासुदीला गाडी धरली आहे त्याला पटतं.

दुसरी बारी भुवयांची. बाहुल्याचा जीव दोन भुवयांच्या मधोमध. तिथे गोळी लागली की खेळ खलास. “मग त्यानं मुंडासं खाली ओढून का नाही बांधलं?” असा सवाल एका टोमॅटोवाल्या बागायतदाराने टाकला, तेव्हा पारावर बराच वेळ शांतता पसरली होती. आणि त्याहून अवघड म्हणजे, तिथेच गोळी खाऊन जो पहिल्या भागात गेला, तो २० वर्षांनी उठला कसा? जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. अशा ३० तबकड्या आसपासच्या शिवारांत पसरून आभाळातली बारीकशी कुजबुज टिपत असतात. म्हणून कुणीतरी तिकडे कामाला असलेल्या पोराला विचारलं, “तुमच्यात काय म्हणत्यात?” पोरगं म्हणालं, “आमच्यात विझलेला ताराही लहरी सोडत राहतो.” त्याला ताबडतोब चहा सांगण्यात आला.

मौजेची गोष्ट म्हणजे गुपिताचा नियमही आपला नाही. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातल्या चकी नावाच्या बाहुल्याला हेच कलम लागू होतं. तिकडेही त्यावर वाद होतातच. पण तिकडे तलाठी नाही, त्यामुळे त्यांचे वाद मिटत नाहीत. आपले मिटतात.

कारण खरी बारी तिसरी. दुसऱ्या भागात तात्या लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो. “गुपित सांगितलं बापाला, मुलाचा काय संबंध?” हा सगळ्या मालिकेतला सर्वांत मोठा खड्डा, असं सिनेमाची बारकाईने चिरफाड करणारे कुणीही सांगतील. पण जमिनीच्या वादांवर वाढलेल्या तालुक्यांत हा खड्डा दोन मिनिटांत बुजला. एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब होते. त्यांनी पानाला चुना लावत निकाल दिला. “यात काय चुकलं? ही सरळ सरळ वारसनोंद आहे. बापाच्या नावावरचा बोजा लेकराच्या नावावर चढतो. सोसायटीचं कर्ज चढतं, भावकीचं भांडण चढतं, तर भूत का चढू नये? गाव नमुना ६-क बघा.”

सगळे हसले. बागायतदाराने विचारलं, “पण भाऊसाहेब, वारसनोंद कधी होते?”

“खातेदार मयत झाला की.”

आणि मग कुणी हसलं नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले. दुसऱ्या भागात तात्या होता, जाधवसाहेब होते, यात्रा होती, चष्मे होते. लक्ष्या नव्हता. इतकी वर्षं मंडळी बाहुल्याची उंची आणि भुवयांचं अंतर मोजत होती, पण ज्याच्या भेदरलेल्या चेहऱ्यावर विसंबून पहिल्या भागात हे सगळं खपून गेलं होतं, तो माणूस जागेवर नाही, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटतं, वाद घालणाऱ्यांना हे ठाऊक होतं. बुजवता येईल असा खड्डा शोधत बसलं, की न बुजणाऱ्याकडे बघावं लागत नाही. म्हणून असे वाद आवडत्या सिनेमावरच होतात. नावडत्या सिनेमातल्या चुका कोण मोजत बसतो?

आंबेगावकरांना हे कुणी शिकवायला नको. तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावला आणि ज्याच्या नावाचा तालुका ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. कथानकातली याहून मोठी विसंगती कुठली दाखवाल? तरी तालुक्याचं नाव कुणी बदललेलं नाही.

शेवटी मास्तरांनीच विचारलं, “भाऊसाहेब, वारस लागल्यावर जुन्या माणसाचं नाव खोडायचात काय हो?”

“छे! आमच्या वेळी कंस करायचो,” भाऊसाहेब म्हणाले. “खोडत नव्हतो. वाचता आलं पाहिजे.”