जमिनीपासून सुरुवात

आदिवासी स्त्रिया, विकास आणि शांतता यांचा एकत्र विचार करणाऱ्या या अभ्यासक्षेत्रात आपण समाजशास्त्राच्या वाटेने आला असाल, कायद्याच्या वाटेने, किंवा एखाद्या संस्थेत काम करता करता. इथे सगळ्यांना जागा आहे. ठरावांची आणि करारांची नावे पाठ करण्याआधी एका गावाची ओळख करून घ्यावी, एवढीच विनंती.

ग्वाटेमालातल्या पोलोचिक खोऱ्यातले सेपुर सार्को हे ते गाव. १९८२ साली, देशातल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात, तिथले केक्ची माया आदिवासी पुरुष कसत्या जमिनीची कागदपत्रे आपल्या नावावर व्हावीत म्हणून खटपट करत होते. लष्कराने त्यांना उचलून नेले. बरेच जण परतलेच नाहीत. गावात लष्करी तळ उभा राहिला आणि त्यांच्या बायकांना तिथे पाळीपाळीने हजर राहावे लागले. सैनिकांसाठी मक्याच्या भाकऱ्या थापायच्या, गणवेश धुवायचे आणि बलात्कार सोसायचे. मका आणि साबणही त्यांच्याच घरचा.

२०१६ मध्ये या स्त्रिया, आता आज्या झालेल्या, शालीने चेहरे झाकून न्यायालयात बसल्या. उत्खननात सापडलेले, मारल्या गेलेल्या माणसांचे अवशेष पुठ्ठ्याच्या खोक्यांतून समोर आणले गेले. २६ फेब्रुवारीला एका माजी लष्करी अधिकाऱ्याला १२० आणि एका माजी लष्करी कमिशनरला २४० वर्षांची शिक्षा झाली. सशस्त्र संघर्षातील लैंगिक गुलामगिरीचा गुन्हा जिथे घडला, त्याच देशाच्या न्यायालयाने त्याचा निवाडा करण्याची ही पहिलीच वेळ. आज्यांनी भरपाईत मागितले ते मात्र अख्ख्या गावासाठी: दवाखाना, मुलांचे शिक्षण आणि जमीन.

या विषयाचे मर्म इथेच आहे. स्त्रियांसाठीच्या योजनेला या आज्यांवरचा अत्याचार दिसतो, पण तो ज्या जमिनीपायी झाला ती दिसत नाही. आदिवासींसाठीच्या योजनेला जमीन दिसते, पण ती मागताना घरातल्या बाईने काय भोगले ते निसटते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००० सालच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाने शांतता प्रक्रियेत स्त्रियांचे स्थान मान्य केले. आदिवासी स्त्रीचा वेगळा उल्लेख त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याने कलम २२ मध्ये तिची दखल घेतली. केवळ तिच्या हक्कांसाठीची सर्वसाधारण शिफारस क्रमांक ३९ संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने काढली ती थेट २०२२ मध्ये.

तेव्हा पुढचे प्रत्येक पान वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: योजना आखण्याआधी आदिवासी स्त्रीला तिच्या भाषेत कोणी विचारले होते का? सहभाग म्हणजे ठरलेल्या बैठकीत आणखी एक खुर्ची मांडणे नव्हे. बैठकीत पहिला विषय कोणता घ्यायचा, हे तिला ठरवता आले पाहिजे. सेपुर सार्कोच्या आज्यांनी तो केव्हाच ठरवला होता. त्यांच्या कहाणीची सुरुवात जमिनीपासून होते. आपल्या अभ्यासाचीही तिथूनच व्हावी.